परभणीत न मिळणारं

आमच्या घरमालकांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या. परभणीत मिळणाऱ्या आणि परभणीत न मिळणाऱ्या. पहिल्या प्रकारातल्या वस्तूकडे ते ढुंकूनही बघत नसत. दुसऱ्या प्रकारातली दिसली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे, मान डावीकडे कलायची आणि ते ती वस्तू नाकाशी नेऊन हुंगायचे. वस्तू खायची असो की खिळ्याला टांगायची असो, हुंगल्याशिवाय ती पास होत नसे.

मी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत सात वर्षं राहिले. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेले आणि नवीन भाडेकरणीनं करावा तसा शहाणपणा म्हणून त्यांच्यासाठी काजू आणले. त्यांनी पुडा घेतला, हुंगला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"मॅडम, काजू नव्या मोंढ्याच्या बाजारात मिळतेत. खामखा गोव्याला गेलाव."

पुढच्या वेळी कोल्हापूरचा गूळ आणला. तर म्हणाले, "गूळ गंगाखेडला काय कमी हाय का?" मग मात्र माझं डोकं फिरलं. मे महिन्यात कोकणात गेले होते, तिथून येताना रस्त्याच्या कडेचा जांभ्या दगडाचा एक तुकडा उचलला, धुतलासुद्धा नाही, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी तो हुंगला, उन्हात धरला, त्याची भोकं मोजल्यासारखी केली आणि टीव्हीवर ठेवून दिला. तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून बसवून ते तो दगड दाखवत होते. "आमच्या मॅडमनं आनला. परभनीत हुडकून सापडायचा न्हाई."

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. सहा फूट उंच, खांद्यात किंचित वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. एसटीत कंडक्टर होते आणि त्यातून निवृत्त झाले होते, म्हणजे कागदोपत्री झाले होते. तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. लग्नपत्रिका वाचली की ते तिला एक भोक पाडत. लग्नाला जाऊन आले की दुसरं. जेवण पसंत पडलं नाही तर तिसरं. त्यांच्या भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या पत्रिका बघून परभणीत कुणाच्या लग्नात वरण पातळ होतं ते मला आपोआप कळायचं. माझ्या गाडीत बसले तर मागच्या सीटवर बसत, पुढे कधीही नाही, आणि काचेवर नाण्यानं दोन टिचक्या मारल्याशिवाय मला गाडी हलवू देत नसत. मी एकदा न थांबता निघाले तर पूल ओलांडेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

नोकरीत असताना त्यांची आवडती ड्यूटी एकच, शाळांच्या सहली. डिसेंबर-जानेवारीत शाळा एसटीच्या गाड्या करून पोरांना पार्कांत न्यायच्या. पाण्याची पार्कं, पाळण्यांची पार्कं, सिमेंटच्या जनावरांची पार्कं. इतर कंडक्टर या ड्यूटीला नाक मुरडायचे, कारण येताना निम्मी पोरं ओकतात. मामा मात्र ती मागून घ्यायचे. निवृत्तीनंतरही शाळा त्यांना सोबत न्यायच्या, कारण रस्त्यातली स्वच्छ संडासं फक्त त्यांना ठाऊक होती. गंमत अशी की महाराष्ट्रातल्या एवढ्या पार्कांना जाऊन आलेला हा माणूस एकाही पार्काच्या आत गेलेला नव्हता. गाडी लावायची, दारालगतच्या कॅन्टीनमध्ये जेवायचं, दारातल्या दुकानात हिंडायचं आणि गाडीत येऊन बसायचं.

"आत कामून जायाचं?" ते मला म्हणाले होते. "आत समदीकडं पानी सारखंच. पार्काचा सोभाव क्यांटीनात कळतो."

आणि त्या काळी तो कळतही असावा. एका पार्काच्या दाराशी बुरुडाचं एक कुटुंब बसायचं. ते बांबूच्या कामट्यांचा वीतभर उंचीचा आकाशपाळणा करून द्यायचं, आठही पाळणे खरे फिरायचे. एका ठिकाणी करवंदाची कुल्फी मिळायची. एका पार्कात सिमेंटचे डायनासोर होते. त्याच्या मालकाची आई गूळपापडी करायची, आणि तिनं गावातल्या पत्रेवाल्याकडून डायनासोरचा साचा करून घेतला होता. साच्यात शेपटी फार बारीक झालेली, त्यामुळे प्रत्येक डायनासोरची शेपटी डब्यातच मोडायची. मामा डायनासोर एका पुड्यात आणि शेपट्या दुसऱ्या पुड्यात बांधून घ्यायचे.

हे सगळं ते स्वतःसाठी आणत नव्हते. हे सगळं ताडकळसला जायचं, अक्कांकडे.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मामांना त्यांनीच वाढवलेलं. ताडकळसला मुला-सुनेजवळ राहायच्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा खुबा मोडला, नांदेडला ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्यांचं जग खाटेपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खाटेपर्यंत. डोळेही अधू झालेले. तेव्हापासून मामांनी हा उद्योग सुरू केला होता. प्रत्येक पार्कातून एक खायची वस्तू आणि एक ठेवायची वस्तू, दोन्ही तिथल्याच, परभणीत न मिळणाऱ्या. अक्का आधी खायच्या, मग वस्तू मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायच्या आणि मग प्रश्न विचारायच्या.

"सावली हाय का?"

"हाय. लिंबाची धा झाडं."

"पाळना किती उच्च?"

"पेडगावच्या टाकीवर आजून दीड मानूस."

मामांची उंचीची सगळी मापं पाण्याच्या टाक्यांत असायची. आतलं काही विचारलं तरी ते अडत नसत, कारण परतीच्या वाटेवर गाडीतल्या पोरांना एकेक करून जवळ बोलावून त्यांनी सगळं वदवून घेतलेलं असे. अक्कांचं समाधान झालं की त्या वस्तू खाटेखालच्या पेटीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "झालं. बगून आले मी." डायनासोर त्यांना घोरपडीचा आजा म्हणून सांगितला होता. तो त्या डोक्याकडून खायच्या, म्हणजे तो आपल्याकडे बघत नाही. करवंदाची कुल्फी मामांनी थर्मासमधून नेली होती. ताडकळसला पोचेपर्यंत तिचं व्हायचं ते झालं, आणि कुल्फी ही प्यायची वस्तू आहे अशी अक्कांची बरीच वर्षं समजूत होती.

मी राहायला गेले तोवर हे सगळं ओसरत चाललं होतं. गूळपापडीवाल्या आजी गेल्या, साचा भंगारात गेला. बुरुडाला दारासमोरून उठवलं आणि तिथं काचेचं थंडगार दुकान झालं. एका पार्कात झालं ते सगळ्यांत झालं. दुकानांत तीच टोपी, तोच बदाम छापलेला कप, तोच किल्लीला अडकवायचा निळा रबरी मासा. कॅन्टीनमध्ये तेच फ्रेंच फ्राईज, तोच पिझ्झा, तेच मंचुरियन. मामा सहलीहून आले की जिन्याच्या पायरीवर बसून मला वरती ऐकू येईल अशा आवाजात स्वतःशी बोलायचे. "समदं परभनीत मिळनारं. समदं. शंभर कोस जायाचं आन् टेशन रोडला उतरायचं."

तरी रिकाम्या हातानं अक्कांकडे जाणं त्यांच्या जिवावर यायचं. एका सहलीहून येताना शेवटी त्यांनी मन मारून निळा मासा आणि वेफर्सचं एक पाकीट घेतलं. रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून ताडकळसला नेलं, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

अक्कांनी मासा चाचपला. "मऊ हाय," म्हणाल्या. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी मासा बघितला, हसल्या आणि खुंटीवरची त्यांच्या स्कूटीची किल्ली काढून आणली. किल्लीला तोच निळा मासा. तेच डोळे, तेच हसू.

"आत्या, ह्यो तर आपल्या बाजारातला हाय. आन् हे पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेलं हाय बगा."

अक्कांनी दोन्ही मासे दोन हातांत धरले. बराच वेळ चाचपले. मग म्हणाल्या, "बारक्या, तू गेलाच न्हाईस."

सहा फुटी, सत्तरीला टेकलेल्या मामांना अक्का बारक्या म्हणायच्या.

"गेल्तो की अक्का. मॅडमला इचार."

"मंग तिथला मासा आपल्या बाजारात कसा?"

"समदीकडं त्योच मासा हाय आता."

"समदीकडं त्योच आसंल तर जायाचं कामून?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी भूगोलाची पदव्युत्तर. मी चहा प्यायले.

परत येताना त्यांनी काचेवर टिचक्यासुद्धा मारल्या नाहीत. मीच आपली अंदाजानं निघाले. दोन दिवस त्यांच्याकडचा रेडिओ बंद होता. तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर चिमटा हातात घेऊन नुसतेच कट-कट करत बसले होते.

"मासा जाऊ द्या हो मॅडम," ते म्हणाले. "पर तिला वाटायलंय मी खोटं बोलायलो. आज ह्ये खोटं वाटलं तर पैलंचं बी समदं खोटंच वाटंल. पाळना, लिंबाची झाडं, समदं. पंधरा वर्सं हिंडली म्हातारी, आन् आता म्हनंल मी खाटंवरच व्हते."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी पटकन कबूल होऊन बसते, ही माझी जुनी खोड. पुढच्या रविवारी मी त्यांना मासा घेतलेल्या, तीन तासांवरच्या त्याच पार्कात घेऊन गेले. मोहीम एकच, तिथलंच असं काहीतरी आणायचं, की अक्कांनी हात लावताच ओळखावं.

दुकानात एक मुलगी होती, बिचारी फार गोड. मामांनी तिच्याकडचा एकेक कप उलटा करून बघितला. ती म्हणाली, "काका, हा घ्या ना, ह्याच्यावर आपल्या पार्कचं नाव आहे." मामांनी नावावरून नख फिरवलं. नावाचा कागद निघून आला आणि त्याच्याखाली दुसऱ्याच एका पार्काचं नाव निघालं. मुलगी म्हणाली, "ते खालचं वाचू नका."

"बाई, इथंच तयार झालेलं आसं काय हाय तुमच्यापाशी?" मामांनी विचारलं.

तिनं चारी बाजूंना बघितलं, अगदी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "तशी मीच आहे. माझं गाव हे काय, मागंच."

"तुला कसं न्यावं, बाई," मामा म्हणाले आणि हताश होऊन बाहेरच्या बाकावर बसले. समोर तारेपलीकडे लाटांचा तलाव होता. त्याच्याकडे बघता बघता त्यांची मान डावीकडे कलली.

तिथल्या पाण्यात तिथला नायलॉनचा पोशाख घातल्याशिवाय उतरू देत नव्हते. पाच मिनिटांनी मामा कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आले. निळी अर्धी चड्डी, तिच्यावर पिवळे पोपट, वरती तसलाच बनियन, डोक्यावर मात्र स्वतःची पांढरी टोपी, आणि हातात तांब्या. तांब्या ते घरूनच पिशवीत घेऊन आले होते, कशासाठी ते मी अजूनही विचारलेलं नाही. ते गुडघाभर पाण्यात शिरले, पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि लाटेची वाट बघू लागले. आजूबाजूची पोरंठोरं आदरानं बाजूला सरकली. लाट आली, मामांनी तांब्या बुडवला, आणि काठावरच्या सुरक्षारक्षकानं जी शिट्टी मारायला सुरुवात केली ती मामा बाहेर येईपर्यंत थांबवली नाही. मी त्या वेळी पॉपकॉर्नच्या यंत्राच्या मागे उभी होते आणि मामांना ओळखत नव्हते.

तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून तो त्यांनी तीन तास मांडीवर धरला. "ह्ये परभनीत न्हाई मिळायचं," ते अधूनमधून म्हणायचे. आम्ही तसेच ताडकळसला गेलो. अक्कांनी फडकं सोडलं, आणि भावाप्रमाणेच आधी हुंगलं. हे हुंगणं घराण्यातलं आहे हे मला तेव्हा कळलं.

"ह्ये ग्रामपंचायतीच्या टाकीचं हाय," अक्का म्हणाल्या. "पावडर टाकलेल्या दिवशी आसाच वास येतोय."

"अक्का, ते पार्कातलं हाय. त्यात बी पावडर टाकतेत."

"त्योच मासा, तेच पाकीट, तेच पानी." अक्कांनी तांब्या खाली ठेवला. "बारक्या, मला घिऊन चल. तू जातूस का कुटं ठेसनावर बसून येतूस ते मी सोता बगनार हाय."

झालं. पंधरा वर्षं जी बाई ओट्याखाली उतरली नव्हती तिला पार्कात न्यायचं ठरलं. मुलगा नको म्हणाला, सूनबाई काळजीनं अर्ध्या झाल्या, पण अक्का एकदा बोलल्या की विषय संपला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहा वाजता आम्ही त्यांना उचलून माझ्या गाडीत बसवलं. दोन उशा, एक चादर, वॉकर, आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मामांनी टिचक्या मारल्या आणि आम्ही निघालो. अक्का पहिल्या वळणालाच झोपल्या. परभणी ओलांडली तेव्हा सगळी शटरं खाली होती, आणि अक्का घोरत होत्या.

मामांची अवस्था मात्र बघवत नव्हती. परीक्षेला निघालेल्या पोरासारखे ते सारखा घाम पुसत होते. मला आरशातून दिसत होतं. पार्क बघून अक्का म्हणाल्या, हे तू सांगायचास तसलं नाहीच, तर काय करायचं, हा त्यांचा घोर.

दारात चाकाची खुर्ची मिळाली आणि पहिला घोटाळाही तिथंच झाला. बाहेरचे पदार्थ आत न्यायला बंदी. रखवालदारानं अक्कांच्या मांडीवरचं फडकं सोडवून घेतलं. अक्का म्हणाल्या, "आरं, भाकर हाय ती, बॉम न्हाई." तो बिचारा ओशाळला, पण भाकरी दारातच राहिली.

आत मामांनी खुर्ची ढकलत सगळं दाखवलं. लाटांचा तलाव सोडला तर स्वतःही ते पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे दोघं भावंडं एकाच वेळी आ करत होती. अक्कांना अंधुक दिसत होतं, पण पाण्याचा आवाज आणि पोरांच्या किंकाळ्या ऐकून त्यांनी विचारलं, "कुनाला मारायलेत का?" घसरगुंडीची उंची त्यांनी स्वतः मान वर करून बघितली आणि म्हणाल्या, "पेडगावच्या टाकीयेवडी हाय खरी." मामांचा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्माच, कारण आता बारा वाजले होते आणि अक्कांना भूक लागली होती.

कॅन्टीनमध्ये मामा अक्कांच्या समोर बसले आणि केविलवाणं तोंड करून सांगू लागले. पूर्वी इथं हुरड्याच्या वड्या मिळायच्या, मातीच्या ताटलीत द्यायचे, ताटली घरी न्यायची. आता काही राहिलं नाही, तुला खाण्यासारखं इथं काहीच नाही, गाडीत जाऊन भाकरी खाऊ. ते सांगत असताना मी आपली गुपचूप जाऊन फ्रेंच फ्राईजची बशी घेऊन आले. सकाळी पाचपासून उपाशी होते, माझी भाकरीही त्याच फडक्यात दारात अडकली होती.

अक्कांचा हात टेबलावरून चाचपडत आला. एक तुकडा उचलला. हुंगला. खाल्ला. मग दुसरा उचलला.

"कशाचं हाय ह्ये?"

"बटाट्याचं," मी म्हणाले.

"बटाट्याला काय केलंय ह्येनी? आतून लोन्यावानी हाय."

बशी संपली. मी दुसरी आणली. मग पिझ्झा आणला. त्याचं चीज तोंडापासून ताटलीपर्यंत ताणलं गेलं तेव्हा अक्का घाबरल्या, मग हसायला लागल्या. त्यांना एकही दात नाही हे त्या हसताना मला पहिल्यांदा दिसलं. मंचुरियनचा गोळा त्यांनी गालात धरून ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. मामा अस्वस्थ होऊन बघत होते.

"अक्का, नको ते. त्यात काय न्हाई. ह्ये समदं परभनीत मिळतंय."

अक्कांनी डोळे उघडले. "परभनीत मिळतंय?"

"व्हय की. टेशन रोडला गाड्यावर गाड्या लागलेल्या आस्तेत."

"कवापासून?"

"झाली की धा-बारा वर्सं."

अक्कांनी गालातला गोळा सावकाश गिळला. पदरानं तोंड पुसलं. "आन् तू मला एकदाबी आनलं न्हाईस."

"आगं, परभनीतलं काय आनायचं? तुला मी लांबलांबचं—"

"बारक्या, खुबा मोडल्यापासून मी परभनीला कवा आले?"

मामांनी खिशातला चिमटा काढला आणि परत ठेवला.

"तुझ्या परभनीत काय मिळतंय, मला काय ठाव?" अक्का म्हणाल्या. रागानं नाही, सरळ विचारल्यासारखं. "मला घोरपडीचा आजा चारलास. आन् ह्यो बटाटा राहून गेला की रं."

मी आतापर्यंत मामांना चिडवायला टपलेली असायचे, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवलं नाही. हा माणूस बहिणीसाठी सगळा महाराष्ट्र हुंगत हिंडला होता. त्याच्या मनात अक्का कायम परभणीतच राहत होत्या, त्याच्या शेजारी. ते उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते काउंटरवर गेले आणि फ्रेंच फ्राईजची तिसरी बशी घेऊन आले, अक्कांच्या पुढ्यात ठेवली, आणि स्वतःही एक तुकडा उचलून खाल्ला. हुंगला नाही.

"बरा लागतोय," ते हळूच म्हणाले. त्यांनीही तो कधी खाल्ला नव्हता.

परतीच्या वाटेवर अक्का झोपल्या नाहीत. "आजून काय मिळतंय परभनीत?" त्यांनी विचारलं आणि मामा सांगायला लागले. पावभाजी. शेव टाकलेला डोसा. रगडा. बर्फाचा गोळा, सात रंगांचा. अक्का प्रत्येकाला विचारायच्या, "गोड का तिखट? दात लागतेत का?" मामांना निम्म्याची उत्तरं माहीत नव्हती. त्यांनी तीन तास एका गावाचं वर्णन केलं, आणि जरा वेळानं मलाच वाटू लागलं की ही परभणी कुठेतरी फार लांब असणार, एकदा बघायला हवी.

परभणीत शिरलो तेव्हा नुकतेच दिवे लागत होते. अक्का म्हणाल्या, "थांबीव." मी स्टेशन रोडला कडेला गाडी घेतली. अक्का आत उशांवर टेकून बसल्या आणि मामा गाड्यावरून गाडीकडे, गाडीकडून गाड्याकडे पळत होते, हातात द्रोण, मागे रिक्षावाल्यांच्या शिव्या. अक्कांनी सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं. शेवटी एका गाड्याशी बायकांचा घोळका बघून त्यांनी विचारलं, "तिथं काय हाय?"

"पानीपुरी."

"आता न्हाई जात. पोट भरलं." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

ताडकळसला सूनबाई दारात ताटकळत उभ्या होत्या. "आत्या, कसं व्हतं पार्क?"

"पार्क व्हय? तिथं पानी हाय," अक्का म्हणाल्या. "पर सूनबाई, तू परभनी बगितलीस का?"

सूनबाई दर महिन्याला परभणीला जायच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वॉकर उतरवण्यात फार गुंतले होते.

परत निघालो तेव्हा मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. एसटीतली माणसं अंतर टप्प्यांत मोजतात, एक टप्पा सहा किलोमीटरचा, हे मला त्या दिवशी समजलं.

"मॅडम, परभनी-ताडकळस चार टप्पे," ते म्हणाले. "ह्या मार्गावर मी आठ वर्सं तिकिटं फाडलेत. चारच टप्पे हो."

मी गाडी कडेला घेतली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता.

"सोमवारी परत जातो म्हनतो," जरा वेळानं ते म्हणाले. "पानीपुरी नेता यील का, डब्यात?"

"पुऱ्या मऊ पडतील, मामा."

"पानी येगळं नेलं तर?"

"तरी मजा नाही. ती तिथं उभं राहूनच खायची असते. एक तोंडात, दुसरी हातात."

मामांनी त्यावर विचार केला. ट्रॅक्टर गेला, धूळ बसली.

"मंग तिलाच आनावं लागंल," ते म्हणाले. "सोमवारी तुमचं कालेज कितीला सुटतंय?"